शंकेला उत्तर द्यायचं तर कुठल्या वाटेने? तर्क, इतिहास, की "पुरावा लागतच नाही"

भाऊ कॉलेजला गेला आणि आता म्हणतो देव-बिव काही नसतं, किंवा स्वतःलाच रात्री झोप लागत नाही आणि वाटतं की आपण लहानपणापासून ऐकलं म्हणून मानतोय का हे सगळं, तर अशा वेळी अपोलोजेटिक्समध्ये, म्हणजे विश्वासाची बाजू मांडण्यात, नक्की कुठून सुरुवात करायची, हे बरेच जण विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. आधीच सांगतो, मी ख्रिस्ती विश्वासी आहे, त्यामुळे हे काही न्यूट्रल नाही, पण कुठली वाट कुठे फसते ते लपवणार नाही.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, असं आहे. तिथला ग्रीक शब्द अपोलोगिया, म्हणजे कोर्टात आरोपी स्वतःची बाजू मांडतो ना, ते. आणि लगेच पुढे सौम्यतेने आणि आदराने असंही आहे, ते वाद घालायच्या नादात पहिलं विसरलं जातं.

आता पहिली वाट, तर्काची. जे जे सुरू झालं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वालाही कारण आहे. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात देवाकडे नेणाऱ्या पाच वाटा मांडल्या होत्या त्या प्रसिद्ध आहेतच, पण हा "सुरू झालं" वाला मुद्दा धारदार केला तो मुस्लिम विचारवंतांनी, त्यात अल-गझाली (मृत्यू ११११) मोठं नाव. ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग आज डिबेटमध्ये जो वापरतो तो हाच. आणि इथेच या वाटेची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात, कारण जो तर्क मुसलमानालाही चालतो तो तुम्हाला निर्मात्यापर्यंत नेईल, वधस्तंभापर्यंत नाही. विज्ञानाची आवड असलेल्या माणसाशी बोलायला ही वाट छान, पण विज्ञानावर फार भार टाकू नका. बिग बँगची मूळ कल्पना मांडणारा जॉर्ज लेमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताला निर्मितीच्या शिकवणीशी जोडलं तेव्हा ते त्यालाच रुचलं नाही. बरोबर होतं त्याचं. विल्यम पेलीने १८०२ मध्ये घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणार असं म्हणून सजीवांच्या रचनेवरून देव दाखवला, १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि त्या एका खांबावर घर बांधलेल्यांची पंचाईत झाली. विज्ञानाला आज सांगता येत नाही तिथे देव बसवला की उद्या त्याला तिथून उठवायची वेळ येते.

दुसरी वाट इतिहासाची, आणि माझं मत लपवत नाही, सुरुवात इथूनच करा. कारण साधं आहे, प्रेषित पौलाने, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, स्वतःच सगळं यावर लावलंय, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे असं तो सरळ लिहितो. म्हणजे हा विश्वास खोटा ठरू शकतो हे तो मान्य करून बोलतोय, आणि शंका घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट भावते.

करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १५ उघडा आणि ३ ते ८ ओव्या हळू वाचा. पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ मधलं, वधस्तंभ ३० किंवा ३३ च्या आसपास, म्हणजे मध्ये वीसेक वर्षं. पण पौल म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं, म्हणजे हे त्याच्याही आधीचं आहे, आणि पाठ करून ठेवल्यासारखी त्याची ठेवण आहे, मेला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला, केफाला (म्हणजे पेत्राला), मग बारा शिष्यांना. विश्वास न ठेवणारे अभ्यासकसुद्धा बरेच जण हा तुकडा पौलाच्या आधीचा मानतात. मग पाचशेहून जास्त जण, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असंही तो घालतो, म्हणजे जा आणि विचारा असाच सूर आहे. गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की तो यरुशलेमला जाऊन केफाजवळ १५ दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. पंधरा दिवस ते हवापाण्यावर नक्कीच बोलत बसले नसतील.

आता याची दुसरी बाजू, जी आपल्या लोकांना कोणी सांगत नाही आणि मग ती व्हिडिओवर कळली की माणूस हादरतो. पौलाच्या यादीत स्त्रिया नाहीत, शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची कहाणी सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, मात्र कबरेवर पहिल्या त्याच जातात. पौल "पुरला गेला" म्हणतो, रिकामी कबर असा शब्द वापरत नाही. आणि तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये घेतलेला आक्षेप अजून दमदार आहे, की चमत्काराची साक्ष खोटी असणं हे नेहमीच चमत्कार घडण्यापेक्षा जास्त शक्य असतं. याला इतिहासातून पूर्ण उत्तर नाही मिळत. देव असण्याची शक्यताच शून्य धरली तर ह्यूम जिंकतो, शून्य धरली नाही तर साक्ष तपासावी लागते, आणि ती शून्य का धरू नये हे सांगायला पुन्हा पहिली वाट लागते. म्हणून मी तर्काला पाया म्हणतो, पण पाया दाखवून कोणाला घरात राहायला बोलावता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे पुरावा लागतच नाही वाली. यातली चांगली आवृत्ती ख्रिस्ती तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगाची. काल मी काय केलं ते मला आठवतं, ते सिद्ध केल्याशिवाय मानणं मूर्खपणा नाही, तसंच देवावरचा विश्वासही पुराव्याशिवाय योग्य असू शकतो. स्वतःच्या मनातल्या शंकेसाठी हे खूप उपयोगी, सगळे आक्षेप खोडून काढेपर्यंत प्रार्थना बंद ठेवायची गरज नाही एवढं कळलं तरी माणूस मोकळा श्वास घेतो. पण समोरच्याला पटवायला शून्य उपयोग, तो म्हणणार की मग कोणीही काहीही मानेल, आणि प्लँटिंगालाही हा आक्षेप माहीत आहे, त्याने त्यावर लिहिलंय. ख्रिस्ती धर्मशास्त्री कॉर्नेलियस व्हॅन टिलची कडक आवृत्ती, की देव गृहीत धरल्याशिवाय तुमचा तर्कसुद्धा उभा राहत नाही, ती अभ्यासाला भारी आहे पण शंकेत असलेल्या भावाला ऐकवू नका, त्याला वाटेल तुम्ही त्याला बोलायलाच देत नाही आहात.

आणि दुःखाचा प्रश्न. हा वेगळा काढला कारण इथे तिन्ही वाटा अडखळतात. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने १९५५ मध्ये मांडलं की चांगला, सर्वशक्तिमान देव आणि वाईट या गोष्टी एकत्र बसतच नाहीत, त्याला प्लँटिंगाने स्वतंत्र इच्छेचं उत्तर दिलं आणि तत्त्वज्ञांत ते बऱ्यापैकी मान्य झालं. पण १९७९ मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने एक हरणाचं पाडस समोर ठेवलं, जंगलाच्या वणव्यात भाजलेलं, कोणी बघत नाही, कित्येक दिवस तडफडून मरतं. कोणाची स्वतंत्र इच्छा आहे त्यात? माझ्याकडे याला उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे झटपट असतं त्यांच्याकडून मी शिकणं सोडलंय.

एकदा मित्राचा भाऊ आयसीयूत होता. बाहेर बाकड्यावर मित्र मला म्हणाला की देव असता तर हे झालं नसतं, आणि मी नुकतंच वाचलेलं होतं ना, लागलो त्याला इच्छास्वातंत्र्य समजवायला. त्याने दोन मिनिटं ऐकलं, पाण्याची बाटली उचलली आणि जाऊन पलीकडच्या बाकड्यावर बसला. बायबलमध्ये सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र निदान पहिले ७ दिवस आणि ७ रात्री गप्प बसले होते, मला तेवढंही जमलं नाही. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसने १९४० मध्ये दुःखावर मुद्देसूद पुस्तक लिहिलं होतं, मग १९६० मध्ये त्याची बायको गेली आणि पुढच्या वर्षी त्याने जे शोकाचं टिपण छापलं ते टोपणनावाने. दोन्ही वाचा, पण दुखावलेल्या माणसाला द्यायचं झालं तर दुसरंच.

तर ठरवायचं कसं? शंका डोक्यातली असेल, वाचून-ऐकून आलेली, तर इतिहास आधी आणि अडलं तिथे तर्क. स्वतःचाच विश्वास डळमळतोय आणि वाद घालायचा नाहीये, तर प्लँटिंगाचा मुद्दा पकडून ठेवा आणि घाई करू नका, येशू उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्यालाही आठ दिवस लागले. आणि कोणी गेलंय किंवा जायला टेकलंय, तर यातलं काहीच नको, नुसते सोबत बसा.

इतिहासाने सुरुवात करणार असाल तर १ करिंथ १५ नंतर मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचा आणि ८ व्या ओवीपाशी थांबा. बऱ्याच आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते, कारण सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच संपतं, स्त्रिया घाबरून कबरेपासून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. ती तळटीप भावाला इतर कोणी दाखवण्याआधी तुम्हीच दाखवा.