कोल्हापुरी चप्पल: घेण्याआधी काय तपासावं

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने थेट कोल्हापुरी वाटतील अशा चपला नाव न घेता मिरवल्या आणि महाराष्ट्र पेटून उठला. संताप रास्तच होता. पण 'कोल्हापुरी' म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या रेक्झिनच्या, खिळे ठोकलेल्या जोडांवर आपण एवढे कधी चिडत नाही.

अस्सल जोडाचा तळ म्हशीच्या कातड्याचा असतो. ते कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. दुकानात आधी कापलेली कड बघा. तिचा रंग आरपार तपकिरी हवा. मधोमध निळसर-राखाडी पट्टा दिसला तर कातडं क्रोमने, म्हणजे रसायनाने कमावलेलं आहे. ते मऊ असतं, लवकर तयार होतं, म्हणून स्वस्त पडतं. पण जुन्या पद्धतीचं कातडं घाम शोषत पायाच्या आकारावर बसतं, ते सुख त्यात नाही. कड गडद रंगाने लिंपली असेल तर दुसरा जोड मागा.

मग शिलाई. ती चामड्याच्या वादीची असते, खिळा कुठेच नाही. शंका आली तर टाचेवरून लोहचुंबक फिरवा. बाजूचे कान, म्हणजे वरचा पट्टा ज्यांना जोडतात ते चामड्याचे तुकडे, तळाच्या थरांत घेऊन शिवलेले हवेत; नुसते चिकटवलेले कान आधी सुटतात. खालून रबर लावलेला जोड गुळगुळीत फरशीवर घसरत नाही आणि झिजतोही कमी, पण त्या रबराखाली शिलाई झाकली जाते. म्हणून साधा तळ घ्या, रबर नंतर लावून घ्या.

'कोल्हापूरचीच हवी' हा हट्ट मात्र सोडा. २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याइतकंच बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरचंही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिराचा हात कुठे कमी पडत नाही. सीमावाद चपलेत आणायचं कारण नाही! उलट खुद्द कोल्हापुरातही पाटी बघून घेतलेला जोड यंत्रावरचा निघू शकतो.

माप घट्टच घ्या. अंगठ्याचा पट्टा वापरून सैल होतो, तळाची लांबी वाढत नाही. टाच मागे बाहेर आली तर तो जोड नको. नवा जोड सुरुवातीला चावतो. पट्ट्यांना आतून एरंडेल किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि पहिले काही दिवस घरातच घाला. तेल जास्त झालं तर कातडं लिबलिबीत होतं.

पावसाळ्यात या चपला वापरू नयेत. तळ पाणी पितो, फुगतो आणि वादी ढिली पडते. भिजल्याच तर कागद भरून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवल्या तर कडक होऊन चिरतात. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते, म्हणून चार महिने सुती कापडात गुंडाळून ठेवा.