समुद्राचा कृष्णधवल फोटो: काचेच्या फ्रेममध्ये की कॅनव्हासवर?

गुहागरच्या किनाऱ्याचा एकच फोटो मी दोन प्रकारे छापून घेतला. ओहोटीची वेळ, ओल्या वाळूत उतरलेलं आभाळ, दूर एक होडी. एक प्रिंट मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर, माउंट (प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी) घालून काचेच्या फ्रेममध्ये आणि दुसरी लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर. दोन्हींनी आमच्या नागपूरच्या घरात तीन उन्हाळे काढले आहेत.

आधी मुद्द्याचं. कृष्णधवल समुद्रात रंग नाही, म्हणजे सगळी भिस्त करड्या छटांवर. फेसाचा पांढरा आणि ढगाचा पांढरा वेगळा कळायला हवा. ओल्या वाळूचा काळसरपणा आणि खडकाचा काळा एक होता कामा नये. हे काम मॅट कागद फार छान करतो. कॅनव्हासवर धुक्यातलं मोकळं आभाळ छापलं की आभाळाआधी कापडाची वीण दिसते. माझ्या प्रिंटवर ती होडी कागदावर ठसठशीत आहे, तिची डोलकाठीसुद्धा मोजता येते. कॅनव्हासवर तीच डोलकाठी विणीत हरवली.

पण फोटो हरिहरेश्वरच्या लाटांनी कोरलेल्या खडकांचा असेल, किंवा पावसाळी उधाणाचा, तर कॅनव्हासचा खरखरीतपणा त्याला शोभतो. मोठ्या आकारातही कॅनव्हास सोयीचा. २४ बाय ३६ इंचांच्या फ्रेमला ३ मिलिमीटरची काच घातली तर नुसत्या काचेचंच वजन चार किलोंच्या वर जातं. भिंतीत ड्रिल करून दोन हुक हवेतच. कॅनव्हास त्या मानानं हलका. या आकाराला इंचाला १५० पिक्सेल धरले तरी फाइल ३६०० बाय ५४०० पिक्सेलची लागते. व्हॉट्सॲपवर लहान होऊन आलेला फोटो इथे चालत नाही.

आता नागपूरचा प्रश्न, म्हणजे कूलर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, दार-खिडक्या बंद, कूलर रात्रंदिवस सुरू, हवेत ओल. माझी पहिली फ्रेम एका दुकानदारानं माउंट न घालता, प्रिंट थेट काचेला टेकवून दिली होती. जुलैत बघते तर वाळूचा एक कोपरा काचेला चिकटलेला. सोडवायला गेले तर शाई निघून आली. तेव्हापासून माउंटशिवाय फ्रेम घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. माउंटमुळे प्रिंट आणि काच यांत हवेला जागा राहते. त्याची पांढरी पट्टी दोन-तीन इंच रुंद ठेवली तर समुद्र आणखी मोकळा दिसतो.

कॅनव्हासला काच नसते, त्यामुळे चिकटण्याची भीती नाही. पण मे महिन्यातली धूळ थेट विणीत बसते आणि ओल्या फडक्यानं पुसता येत नाही. मृगाच्या सरींनंतर माझा कॅनव्हास कोपऱ्यांत सैलही पडला. चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या ठोकून ताणावा लागला.

काचेचा खरा दोष म्हणजे चकाकी. समोर खिडकी असेल तर समुद्राऐवजी गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसतात. अशा भिंतीला कॅनव्हासच घ्या. काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकही मिळतं. ते काचेपेक्षा हलकं, पण त्यावर चरे लवकर पडतात आणि कोरड्या फडक्यानं पुसलं की धूळ उलट जास्त ओढून घेतं. मला ते पटलं नाही.

काहीही ठरवलं तरी मोठी प्रिंट काढण्याआधी लहान नमुना मागा. रंगीत फोटो छापणाऱ्या मशीनवर कृष्णधवल काढला की कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ती लक्षात येत नाही. नमुना घरी आणा, सकाळच्या उजेडात बघा, रात्री हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली बघा. दोन्ही वेळा करडा रंग करडाच दिसला पाहिजे.

फोटो अजून निवडला नसेल तर रत्नागिरीचा विचार करा. तिथे मांडवीच्या काळसर वाळूच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र आहे. काळ्या वाळूवरचा फेस कृष्णधवलमध्ये जितका उठून दिसतो तितका रंगीत फोटोत दिसत नाही. तो मात्र कागदावरच छापा, माउंट घालून, काचेत. आणि कूलरच्या झोताच्या भिंतीवर टांगू नका.