मेकॅनिकल म्हणून रबराचा कीबोर्ड गळ्यात मारला, कोल्हापुरात घेणार असाल तर आधी वाचा

गेल्या महिन्यात राजारामपुरीतल्या एका दुकानातनं गेमिंग कीबोर्ड घेतला, २८०० रुपयाला. चार महिने पगारातनं बाजूला काढलेले पैसे होते ते. दुकानदाराला दोनदा विचारलं मेकॅनिकलच, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेलाच आहे न्हवं, तर म्हणला "दादा ब्लू स्विच हाय, आवाज ऐका की", खटखट करून दाखवलं, लाइटी लावून दाखवल्या आणि मी भुललो. बिल मागितलं तर म्हणला पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतोय, उगं पाचशे वाढतील, वॉरंटी माझ्या शब्दावर.

घरी येऊन व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम लावला तर डब्ल्यू आणि ए धरून तिरकं पळताना स्पेस दाबला की उडीच येईना. दोन दिवस मला वाटलं नेट लॅग मारतंय, राउटर चारदा बंद-चालू केला. मग मावसभाऊ आला इचलकरंजीहून, त्यानं एक बटण उपसून काढलं. खाली पांढरी प्लॅस्टिकची नळी आणि तिच्या बुडाला करड्या रबराची वाटी, ऑफिसातल्या पाचशेच्या कीबोर्डात असते तशीच. स्विच नाहीच. बॉक्स नीट बघितला तर कोपऱ्यात बारक्या अक्षरात 'मेकॅनिकल फील', म्हणजे नुसता मेकॅनिकलसारखा भास.

रबराचा कीबोर्ड वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, सातशेला घ्या आणि खुशाल वापरा, पण स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डात ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की एखादं दाबलेलं कॉम्प्युटरला कळतच नाही, आणि गेममध्ये तर तीन बटणं एकदम दाबायलाच लागतात. २८०० मोजताना मला हे कुणी सांगितलं नाही ह्याचा राग आहे.

म्हणून दुकानातच एक बटण काढून दाखवा म्हणा. खऱ्या मेकॅनिकलला प्रत्येक बटणाखाली वेगळा चौकोनी स्विच असतो, बहुतेकांत मधी अधिकच्या चिन्हासारखी दांडी. निळा असेल तर बटण तळाला टेकायच्या आधीच निम्म्यात टिक् वाजतंय, लाल गुळगुळीत खाली जातोय, तपकिरीला आवाज नाही पण बोटाला बारका अडथळा लागतोय. माझ्यात आवाज यायचा तो बटण तळाला आपटल्यावरच. आणि नोटपॅड उघडून डब्ल्यू, ए आणि स्पेस एकदम दाबा, एक अक्षर जरी गळलं तर ठेवून या. बटण काढू देत नाही म्हणला तर तिथं थांबूच नका.

परत द्यायला गेलो तर "बॉक्सवर लिहिलंय की, वाचायचं तुम्ही". बिल नाही, काय बोलणार. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन केला, त्यांनीही पहिलं बिलच विचारलं.

काल बॉक्स टाकायला काढला तर किमतीचा स्टिकर एका कडेनं उचललेला. सोलला, खाली छापील एमआरपी ११९९. छापील किमतीवर जादा किमतीचा स्टिकर मारणं कायद्यानं चालत नाही, म्हणून फोटो काढून वजनमापे खात्याकडं अर्ज लिहिलाय, सोमवारी नेऊन देणार आहे. काय होतंय ते इथंच लिहीन.