बारीक कुत्र्याचं वजन वाढवायला तेच फूड जास्त द्यायचं की जास्त कॅलरीवालं?
दिवसभर उंडारणाऱ्या बारीक कुत्र्याला तेच फूड वाढवून देणं सोपं, पोटाला सवय असते, पण अशी कुत्री बऱ्याचदा अर्धं वाटीत तसंच टाकून बॉलमागे पळतात, आणि एकदम खूप दिलं की शी पातळ! परफॉर्मन्स फूडमध्ये, म्हणजे खूप पळणाऱ्या कुत्र्यांसाठीच्या जास्त कॅलरीवाल्या फूडमध्ये, फॅट जास्त, 1 ग्रॅम फॅटमध्ये साधारण 9 कॅलरी आणि प्रोटीनमध्ये 4, म्हणजे थोड्या फूडमध्येच काम होतं, फक्त जुन्यात मिसळत 7 ते 10 दिवसांत हळूहळू बदलायचं, आणि आधी पॅनक्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झाला असेल तर हे नकोच. खादाड असेल तर पहिलं, 3 वेळा विभागून. नखरेवाला असेल तर मी परफॉर्मन्स फूडच घेईन. जंतांचं मात्र आधी बघा, आणि फासळ्या हाताला सहज लागतात पण लांबून दिसत नाहीत, एवढं वजन बास.