रेडिएटर फॅनच्या नावाखाली २०,५९१ रुपये उकळले : किल्ली फिरवताच फॅन लागत असेल तर गाडी ताब्यात घेऊ नका

रेडिएटर ६,८००. फॅन मोटर ४,२००. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ९५०. कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ५ लिटर, २,०००. मजुरी ३,५००. वर '१८ टक्के जीएसटी' ३,१४१. एकूण २०,५९१ रुपये, जागेवर, यूपीआयने. घाटात गाडी गरम झाली म्हणून रस्त्याकडेच्या एका गॅरेजने हे पैसे घेतले. बिघडलं होतं काय? फॅनचा रिले (फॅनला करंट देणारा विजेवर चालणारा स्विच) आणि त्याचं जळालेलं सॉकेट. पुढे एका चांगल्या वायरमनने ते १,३७० रुपयांत करून दिलं : रिले ३२०, वायरसकट सॉकेट ४५०, मजुरी ६००.

या लोकांची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. बॉनेट उघडायचं, चेहरा पाडायचा, 'इंजिन सीज होईल' म्हणायचं. पण गाडी गरम होण्याच्या बाबतीत यांच्याकडे एक खास हत्यार असतं. गरम रेडिएटरचं झाकण फडकं धरून सैल करायचं, पाण्याचा फवारा उडाला की म्हणायचं, 'बघा साहेब, रेडिएटर चोकअप, हेड गॅस्केट पण जायच्या बेतात.' हे धादांत खोटं आहे. झाकण १.१ बार दाबाचं असलं तर आत साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. तापलेल्या गाडीचं झाकण काढलं की दाब एकदम जातो आणि ११० अंशांचं पाणी वाफ होऊन उसळतं. धडधाकट इंजिनही असंच फवारा मारतं. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं असेल तर यांपैकी एखादं लक्षण बहुधा दिसतं : ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, कुलंटच्या रिझर्व्ह टाकीत सतत बुडबुडे येतात. यातलं काहीही नव्हतं. आणि गरम झाकण कुणालाही उघडू देऊ नका, स्वतःही उघडू नका. वरचा होज पाईप हाताला सोसेल इतका निवेपर्यंत थांबा.

रेडिएटरवर शंका घ्यायला मुळात जागाच नव्हती. सपाटीला ऐंशीच्या वेगात तापमानाचा काटा मध्यावर स्थिर, घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना काटा वर, थोडा उतार मिळून वारा लागला की पुन्हा खाली. हे फॅन न लागण्याचं शुद्ध लक्षण आहे. वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, फॅनची गरज हळू चालताना आणि उभं असताना लागते. रेडिएटर चोक असेल, वॉटर पंप गेला असेल किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, तर काटा वेगातही चढतो. हे त्या माणसाला सांगितलं होतं, शब्दन् शब्द. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि रेडिएटरचे बोल्ट सोडायला लागला.

आता ज्या क्षणाचा आजही संताप येतो तो. काम झालं, गार कुलंट भरलं. इंजिन थंडगार, एसी बंद. किल्ली फिरवली, इंजिन अजून सुरूही झालेलं नाही, आणि फॅन भर्रकन सुरू. तो छाती पुढे काढून म्हणाला, 'बघा, कसा मारतोय!' तिथेच सगळं उघड होतं. सुस्थितीतला फॅन बहुतेक पेट्रोल गाड्यांत कुलंट साधारण ९५ अंशांच्या पुढे गेल्यावर लागतो आणि पाच-सहा अंश उतरलं की थांबतो. किंवा एसी लावल्यावर लागतो. गार इंजिनावर किल्लीसरशी लागून न थांबणारा फॅन बहुधा दोनपैकी एक गोष्ट सांगतो : तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे म्हणून ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) खबरदारी म्हणून फॅन चालू ठेवला आहे, नाहीतर कुणीतरी तो 'डायरेक्ट' करून दिला आहे. इथे डायरेक्टच केला होता. रिले, सेन्सर, ईसीयू सगळं बाजूला ठेवून इग्निशनच्या वायरीतून एक बारीक लाल वायर थेट मोटरला. मध्ये फ्यूजसुद्धा नाही.

अंधार पडत आलेला, गाडीत वयस्कर माणसं, मोबाईलला रेंज नाही, आणि फॅन डोळ्यांसमोर फिरतोय. अशा वेळी कुणीही पैसे देऊन निघतं. 'तुम्हाला कळायला हवं होतं' असं घरी बसून म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वळणावर उभं राहून बघावं. दोष फसवणाऱ्याचा आहे.

डायरेक्ट फॅन म्हणजे निव्वळ जुगाड नाही, तो धोका आहे. हा फॅन चालताना बारा-पंधरा अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. त्याला किमान अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि गाडीच्या कंपनीने ठरवलेला, बहुधा ३० अँपिअरचा फ्यूज लागतो. आमच्या गाडीत घातलेल्या वायरीचं वेष्टण मऊ पडून धातूच्या पट्टीला चिकटत चाललं होतं. ते घासून तांबं उघडं पडलं असतं आणि फ्यूज नसल्यामुळे बॉनेटमध्ये आग लागली असती.

वायरमनने उघडल्यावर बाकीचं बाहेर आलं. 'नवी' फॅन मोटर गाडीची जुनीच निघाली, तिच्या स्क्रूंवरची मातीसुद्धा हललेली नव्हती. रेडिएटर जुना, काळा रंग मारलेला, फिन्सच्या मध्ये रंगाचे थेंब सुकलेले. थर्मोस्टॅटचे ९५० घेतले आणि थर्मोस्टॅट बसवलाच नाही, उलट गाडीतला होता तोही काढून घेतला. त्यामुळे हायवेवर इंजिन ७० अंशांच्या वर जाईना, ईसीयू इंजिन गार आहे समजून जास्त पेट्रोल टाकत राहिला. आणि कुलंट? त्या गाडीत सगळं मिळून साडेचार लिटर मावतं. कॉन्सन्ट्रेट निम्मं आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं धरलं तर सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट पुरतं. पाच लिटरचे पैसे घेऊन भरलं होतं हिरवं पाणी. काढलेला प्रत्येक पार्ट डिकीत ठेवायला सांगा. 'भंगारात गेला' हे उत्तर आलं की पैसे थांबवा.

फॅन लागत नसेल तर तपासायचा क्रम असा आहे, आणि यासाठी दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. आधी कुलंटची पातळी बघा, कारण पातळी खाली गेली की सेन्सर हवेत राहतो आणि त्याला खरं तापमान कळतच नाही. मग इंजिन चालू ठेवून एसी लावा. एकच फॅन असलेल्या गाडीत एसीबरोबर तो फिरला, तर मोटर, फ्यूज, अर्थिंग ठीक आहेत, दोष बहुधा सेन्सरच्या बाजूला आहे. सेन्सरचा कनेक्टर काढला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू लगेच फॅन चालू करतो, तसं झालं तर संशय सेन्सरवरच. सेन्सरचा रोध गार असताना, २० अंशांना, साधारण दोन ते अडीच किलोओहम असतो आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. हा बदलत नसेल तर सेन्सर मेला.

एसीवरही फॅन फिरला नाही तर बॉनेटखालच्या डब्यातला फॅनचा फ्यूज काढून मीटरने तपासा. नुसता डोळ्यांनी बघू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. पुढे रिले. हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबरचा, त्याच पिनांचा रिले काढून तिथे लावून बघा. रिले 'टक्' वाजला म्हणजे चांगला, हा गैरसमज सोडा. टक् कॉइलचा आवाज आहे, आतले पॉइंट जळलेले असले तरी तो येतो. मोटर तपासायला तिचा कनेक्टर काढून फ्यूज असलेल्या दोन वायरींनी बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, हात आणि ओढणी पात्यांपासून लांब ठेवा. फिरली तर मोटर चांगली. हलकं ठोकल्यावरच फिरत असेल तर कार्बन ब्रश संपलेत.

सगळ्यात फसवा दोष सॉकेटचा, आणि इथे तोच होता. मोटर न जोडता कनेक्टरवर मीटर लावलं तर १२ व्होल्ट छान दिसतात. मोटर जोडून, लोड देऊन मोजलं की तेच सात-आठवर कोसळतात, कारण रिलेची पिन आणि सॉकेट काळे पडून पुरेसा करंट वाहू देत नाहीत. रिले उपटून पिनांचा रंग बघायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं न करता ज्याने रेडिएटर उतरवला त्याला काम येत नाही असं मी मानत नाही. त्याला ते येतं. मोटर डायरेक्ट लावून फिरते हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तिचे ४,२०० घेऊन तिला हातही लावला नाही.

आता तक्रारीचं. गाडी बंद पडली एका जिल्ह्यात, पैसे गेले घाट चढून दुसऱ्या जिल्ह्यात. पहिल्या चौकीने दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीने 'दिवाणी बाब आहे' म्हणून अर्जावर पोच द्यायलाही टाळाटाळ केली. खोटे पार्ट दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) कलम दुसऱ्या कशासाठी आहे? हद्दीची सबब तर चालतच नाही, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात ते स्वच्छ लिहिलं आहे. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. परिवहन कार्यालय म्हणालं, गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. मग कुणाच्या? हायवेवर टोल घ्यायला माणूस आहे, वेगाची पावती फाडायला कॅमेरा आहे, आणि बंद पडलेल्या गाडीवर टपलेल्यांना विचारणारं कुणी नाही. 'ऑनलाइन करा', 'उद्या या', 'साहेब बंदोबस्ताला गेलेत'. प्रत्येक टेबलावर तीच हकीकत, तोच कागद, तीच मान हलवणं. २०,५९१ रुपये हे यांच्या लेखी किरकोळ आहेत.

त्या कच्च्या बिलावर जीएसटी लावला होता आणि जीएसटी क्रमांक नव्हता. नोंदणी नसलेल्याला हा कर गोळा करताच येत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून दोन मिनिटांत पडताळता येतो. पैसे देण्याआधी पडताळा.

ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र उघडा आहे. २०१९च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, गॅरेजच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक घ्या. पुरावा मात्र दुरुस्तीच्या आधीच गोळा करा : डायरेक्ट वायर जागेवर असतानाचे फोटो, जुन्या मोटरचे मातीने भरलेले स्क्रू, जळालेला रिले आणि सॉकेट पिशवीत घालून, यूपीआयची पावती, आणि दुसऱ्या मेकॅनिककडून त्याच्या पक्क्या बिलावर सही-तारखेसह 'मोटर मूळचीच आहे, थर्मोस्टॅट बसवलेला नाही' अशी दोन ओळींची नोंद. वायर एकदा तोडून फेकली की ती तिथे होती हे सिद्ध करणं कठीण होऊन बसतं.