युमिक-१: घरच्या खोलीचा आवाज मोजणारा माइक

घरातील संगीतयंत्रणेचा आवाज सुधारायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष प्रथम नव्या अॅम्प्लिफायरकडे, जाड केबलकडे किंवा अधिक महाग स्पीकरकडे जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की त्याआधी मिनीडीएसपी या हाँगकाँगच्या कंपनीचा युमिक-१ हा मोजमापाचा माइक घ्यावा. आपल्याकडच्या प्लास्टर केलेल्या भिंती आणि विट्रिफाइड टाइल्सची फरशी असलेल्या खोल्यांमध्ये आवाज बिघडवण्याचा मोठा वाटा खोलीचाच असतो, आणि तो नेमका कुठे व किती, हे केवळ कानाने ठरवणे फार कठीण जाते.

हा माइक म्हणजे पेनापेक्षा थोडी जाड, साधी धातूची नळी आहे. ती यूएसबी केबलने थेट लॅपटॉपला जोडता येते. वेगळा ऑडिओ इंटरफेस घ्यावा लागत नाही. सोबत छोटा स्टँडही मिळतो, परंतु बसलेल्या माणसाच्या कानाची उंची गाठण्यासाठी कॅमेऱ्याची तिवई अधिक उपयोगी पडते. याचे खरे मोल मात्र त्याच्या कॅलिब्रेशन फाइलमध्ये, म्हणजे माइकची स्वतःची चूक मोजमापातून वजा करणाऱ्या आकड्यांच्या फाइलमध्ये, आहे. प्रत्येक माइकवर त्याचा अनुक्रमांक असतो आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की त्याच नगाच्या दोन दुरुस्ती-फाइली मिळतात: एक फाइल माइक स्पीकरकडे रोखून मोजण्यासाठी, दुसरी तो छताकडे उभा धरून मोजण्यासाठी. ज्या पद्धतीने मोजायचे त्याच पद्धतीची फाइल निवडणे आवश्यक आहे, अन्यथा कोणता स्वर किती मोठा येतो हे दाखवणारा आलेख वरच्या पट्टीत चुकीचा दिसतो. मोजमापाचा प्रोग्राम म्हणून रूम ईक्यू विझर्ड, म्हणजे सर्वत्र ‘आरईडब्ल्यू’ म्हणून ओळखला जाणारा प्रोग्राम, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तो या माइकला लगेच ओळखतो.

आमची बैठकीची खोली १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १६ फुटांच्या लांबीत पहिला अनुनाद, म्हणजे खोलीत विशेष घुमणारा स्वर, ३५ हर्ट्‌झला आणि दुसरा ७० हर्ट्‌झला येतो. पहिला फारसा जाणवत नाही, कारण लहान स्पीकर तेवढे खाली उतरतच नाहीत. दुसरा मात्र शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याच्या थेट वाटेत येतो, कारण काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा पायाचा स्वर ६९ हर्ट्‌झच्या जवळ असतो आणि डग्ग्याची घुमारही याच परिसरात वावरते. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असताना घेतलेल्या पहिल्याच आलेखात ७० हर्ट्‌झला आजूबाजूच्या पातळीपेक्षा ११ डेसिबल उंच सुळका दिसला. विलंबित ख्याल ऐकताना डग्ग्याचा प्रत्येक आघात पुढच्या मात्रेवर का सांडतो, हे त्या एका रेषेने दाखवून दिले. कोणता स्वर किती वेळ टिकतो हे दाखवणाऱ्या आरईडब्ल्यूमधील वॉटरफॉल आलेखात तर तो स्वर बाकीचे विरल्यानंतरही रेंगाळताना स्पष्ट दिसत होता.

यानंतरचा भाग मला या माइकचा सर्वांत मोलाचा उपयोग वाटतो, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. स्पीकरमधून पिंक नॉइज, म्हणजे सर्व स्वर मिसळलेला सळसळता आवाज, चालू ठेवून प्रोग्राममधील क्षणोक्षणी बदलणारा आलेख उघडा ठेवला आणि माइक हातात घेऊन मागच्या भिंतीपासून हळूहळू पुढे आणला, की ७० हर्ट्‌झचा सुळका डोळ्यांदेखत खाली उतरू लागतो. भिंतीपासून ४ फुटांवर, म्हणजे लांबीच्या बरोबर चौथ्या हिश्श्यावर, तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो. तिथे बसणेही तितकेच चुकीचे, कारण तानपुऱ्याचा पायाच हरवतो. आम्ही सोफा सव्वादोन फूट पुढे घेतला आणि सुळका सुमारे ४ डेसिबलने कमी झाला. सोफ्यामागे जी जागा मोकळी झाली, तिथे पुस्तकांचे बुटके कपाट बसले.

स्पीकर त्यांच्या स्वतःच्या मागच्या भिंतीपासून किती अंतरावर असावेत, याचे उत्तरही असेच मिळाले. स्पीकरचा पडदा भिंतीपासून २ फुटांवर असला तर मागे जाऊन परत आलेली लहर ४ फुटांचा फेरा करते आणि १४१ हर्ट्‌झच्या आसपास मूळ लहरीला खोडून काढते; आलेखात तिथे खाच दिसते. काळी एकचा मध्य षड्ज १३९ हर्ट्‌झच्या जवळ असतो; अर्थात पुरुष गायकाचा षड्जच पोकळ ऐकू येत होता. स्पीकर १ फुटावर सरकवल्यावर ती खाच २८० हर्ट्‌झकडे गेली, जिथे स्पीकरमागच्या भिंतीवर लावलेली कापसाची जाड गादी निदान काही आवाज शोषून घेते. भिंतीजवळ नेल्याने खालचे स्वर थोडे फुगतात हे खरे, पण फुगवटा नंतर कमी करता येतो. खाच भरता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा आरईडब्ल्यू वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवला पाहिजे. प्रोग्राम आलेखावरून फिल्टर, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या दुरुस्त्या, तयार करून देतो आणि विंडोजवर ते इक्वलायझर एपीओ या विनामूल्य प्रोग्रामद्वारे लावता येतात. सुळके कापण्यासाठी ही सोय उत्तम आहे: ७० हर्ट्‌झला ६ डेसिबलची अरुंद कपात लावल्यावर डग्ग्याचे बोल सुटे आणि नेमके ऐकू येऊ लागले. परंतु खाच भरण्यासाठी १० डेसिबलची वाढ मागितली, तर अॅम्प्लिफायरला दहापट शक्ती द्यावी लागते आणि परतून येणारी लहरही तेवढीच वाढत असल्याने खाच जागच्या जागीच राहते. सुमारे ३०० हर्ट्‌झच्या वर तर मी फिल्टर लावतच नाही, कारण तिथे माइक वीतभर सरकवला तरी आलेख बदलतो आणि एका जागेसाठी केलेली दुरुस्ती शेजारी बसलेल्याच्या कानाला त्रासदायक ठरते.

पातळ फोमच्या चौकोनी पट्ट्या भिंतीवर चिकटवणाऱ्यांनीही एकदा आधीचे आणि नंतरचे आलेख काढून पाहावेत. ७० हर्ट्‌झच्या लहरीचा चौथा हिस्सा सव्वा मीटरच्या आसपास असतो. दोन इंचांचा फोम तिला अडवू शकत नाही, तो केवळ वरचे स्वर गिळतो आणि खोली अधिकच बोजड वाटू लागते. फरशीवर अंथरलेल्या जाड गालिच्याचा फायदा वरच्या स्वरांना होतो, आणि तो आलेखापेक्षा कानाला अधिक लवकर जाणवतो.

उणिवाही आहेत. युमिक-१चा स्वतःचा सूक्ष्म आवाज लक्षात येण्याइतका आहे, त्यामुळे अतिशय शांत खोलीचे मोजमाप करायचे असेल तर त्याच कंपनीचा युमिक-२ अधिक योग्य ठरेल. छताचा पंखा आणि रस्त्यावरची वाहने असलेल्या आपल्या घरांत मात्र हा फरक क्वचितच आड येतो. मोजताना पंखा बंद करावा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्यावी, एवढे पथ्य पुरते. दोन स्पीकरमधील वेळेचा फरक मोजायचा असेल, तर यूएसबी माइकचे घड्याळ ध्वनियंत्रणेच्या घड्याळापेक्षा वेगळे असल्याने आरईडब्ल्यूमधील ध्वनिसंकेताची सोय, म्हणजे स्पीकरमधून संकेत वाजवून वेळ जुळवण्याची सोय, चालू करावी लागते, आणि नवख्या माणसाला ती सहज सापडत नाही. परदेशातून मागवल्यास मूळ किमतीवर आयात शुल्क आणि टपालखर्च चढतो. वापरलेला माइक घेण्यास हरकत नाही, मात्र पैसे देण्यापूर्वी अनुक्रमांक मागून घ्यावा आणि त्याची कॅलिब्रेशन फाइल संकेतस्थळावर मिळते याची खात्री करावी.