काळा किती काळा? स्पेक्ट्रो की डोळे, पावसाळ्यापासूनचा अनुभव

स्पेक्ट्रो, म्हणजे फोटोच्या प्रिंटचा रंग आणि काळेपणा मोजायचं माझं मीटर, परत बंद पडला म्हणून शेवटी लिहायला बसलोय. मोजण्याआधी जुळवून घ्यायला पांढऱ्या टाइलवर ठेवला की नुसता एरर, पुढे हलायलाच तयार नाही. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं की हे रिपेअर होत नाही, जुना जमा करा, नव्यावर सूट देतो. सूट वजा करून जी रक्कम सांगितली त्यात चांगली सेकंडहँड लेन्स येते हो! वस्तू उघडूनसुद्धा न बघता असं सांगतात याचा मला मनापासून राग आहे. असो. तो बंद असताना ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटसाठीचे पेपर नुसत्या डोळ्यांनी बघून क्रमवार लावत बसलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आकडे सगळ्यांना माहीत आहेतच, मॅट रॅगवर (बिनचमकीचा सुती पेपर) काळा १.६-१.७ डेन्सिटीला थांबतो (डेन्सिटी म्हणजे काळेपणाचं माप, जास्त तितका काळा), चांगला बराइटा (चमकदार पेपर) २.३ च्या आसपास किंवा वर जातो. म्हणजे मॅटचा काळा पडलेल्या उजेडातला साधारण दोन टक्के परत पाठवतो आणि बराइटाचा अर्धा टक्का. चौपट फरक आहे, आणि सुरुवातीला माझी क्रमवारी याच डीमॅक्सवर, म्हणजे सगळ्यात गडद काळ्याच्या डेन्सिटीवर, ठरायची.

माझा टेस्ट फोटो कसब्यातल्या एका जुन्या वाड्याच्या ओटीचा आहे. सागवानी खांब, मागे माजघराचा अंधार, आणि पितळी घंगाळाच्या काठावर पडलेला एक कवडसा. त्या अंधारात दाराची कडी आहे. कडी दिसली पाहिजे, पण 'इथे कडी आहे' असं ओरडली नाही पाहिजे. बराइटाची प्रिंट टेबलावर दिव्याखाली बघितली तेव्हा कडी सुरेख दिसली. तीच प्रिंट हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीला लावली तर माजघरात आमची खिडकी दिसायला लागली, ग्रिलसकट! कडी गायब. शेजारी हाह्नेम्यूले कंपनीचा फोटो रॅग ३०८ हा मॅट पेपर लावला होता, त्याचा काळा आकड्यात कितीतरी फिका, पण कडी जागेवर होती.

मीटरला हे का दिसत नाही ते नंतर डोक्यात बसलं. आमच्यासारख्यांकडचे स्पेक्ट्रो ४५ अंशातून उजेड टाकतात आणि सरळ वरून मोजतात, म्हणजे पृष्ठभागावरची चमक सेन्सरपर्यंत पोचूच नये अशीच त्याची रचना असते. तो शाईचा काळा मोजतो, भिंतीवरचा नाही. आणि फ्रेमला साधी काच लावलीत की काचच समोरच्या उजेडातला आठेक टक्के परत फेकते. त्या आठ टक्क्यांपुढे दोन आणि अर्धा यातला फरक कुठे शोधणार? म्हणून माझं ठाम मत झालंय, पेपर निवडायचा तो प्रिंट हातात धरून, खिडकीकडे पाठ करून आणि मग तोंड करून, हळूहळू तिरकी करत. मी हे प्रत्येक पेपरला करतो, घरचे वैतागलेत तरी करतो. या तिरकं करण्यातच काही ग्लॉसी पेपरवर काळ्या भागाला ब्रॉंझसारखी झाक येते तीही पकडता येते.

इथपर्यंत लिहून 'मीटर घेऊच नका' म्हणणार होतो. पण मीटर बंद असतानाच ग्रे पट्टी काढली, २१ पायऱ्यांची, आणि गडद बाजूच्या शेवटच्या तीन-चार पायऱ्या वेगळ्या आहेत की नाहीत यावर दोन मित्रांची आणि माझी तीन मतं पडली. शेजारी शेजारी ठेवलं तर डोळा बारीक फरकही पकडतो, पण गेल्या महिन्यातला करडा त्याच्या लक्षात राहत नाही, आणि तोच करडा पांढऱ्या बॉर्डरमध्ये एक दिसतो, काळ्यात दुसराच. क्वाडटोनआरआयपी या प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह लिनिअराइज करायचा, म्हणजे करड्याच्या पायऱ्या सारख्या अंतराने पडाव्यात असं बसवायचं, तर मोजलेले आकडेच लागतात. तिथे मीटरला पर्याय नाही, हे मान्यच.

पेपरच्या पांढऱ्यासाठी मात्र मीटर काढायची गरज नाही. एम१ आणि एम२ (मीटरचे यूव्हीसकट आणि यूव्हीशिवाय मोजायचे दोन प्रकार) दोन्हीने मोजून ब्राइटनर, म्हणजे पेपर जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेलं चमकणारं रसायन, किती ते काढता येतं, पण बुधवार पेठेत मिळणारा नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च अंधारात पेपरवर मारा. निळा पेटला की ब्राइटनर आहे. असा पेपर खिडकीच्या उजेडात पांढराशुभ्र दिसतो आणि वॉर्म एलईडीखाली त्याचा पांढरेपणा उतरतो, कारण त्या उजेडात यूव्ही जवळपास नसतंच. घंगाळावरचा कवडसा तिथे मेलेला वाटतो. कॅन्सन कंपनीचा प्लॅटिन फायबर रॅग टॉर्चखाली शांत राहतो, त्यात ब्राइटनर नाही, आणि काळाही खोल आहे. अल्बममध्ये हातात धरून बघायच्या प्रिंटसाठी सध्या तोच वापरतोय, महाग आहे म्हणून ए४ च्या वर जात नाही. भिंतीसाठी मॅट रॅग.

आणखी एक, पावसाळ्यात प्रिंट लगेच मोजू नका आणि लगेच मतही बनवू नका, एक रात्र वाळू द्या.

नवीन स्पेक्ट्रो मी घेत नाहीये. कर्व्ह करायची वेळ आली की दोन दिवस भाड्याने आणेन. सेकंडहँड बघत असाल आणि त्याला वेगळी पांढरी टाइल असेल तर टाइलवरचा नंबर मशीनच्या नंबराशी जुळतो का आधी बघा, आणि टाइलवर ओरखडा असेल तर पैसे देऊ नका.